परगावची नोट

त्या संध्याकाळीही माझ्या सोसायटीच्या गेटवर गार्डने बाबांना विचारलं, "अंकल, कोणता फ्लॅट?"

लिफ्टमध्ये बाबा हसत म्हणाले, "उल्का, जुन्या अमेरिकेत गावोगावच्या बँका स्वतःच्या नोटा छापायच्या. नोट गावापासून जितकी लांब, तितकी तिची किंमत कमी. माझं तसंच झालंय. कराडला बँकेचा मॅनेजर म्हणून अजून लोक उठून उभे राहतात. इथे, कोणता फ्लॅट!"

"मग त्या नोटेला पूर्ण किंमत कुठे मिळायची?"

"जिथली नोट, तिथेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

आज त्यांच्या अस्थी घेऊन मी गेटमधून आत आले. गार्ड काही न विचारता उठून उभा राहिला.

लिफ्टचं दार बंद झाल्यावर मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, माझ्याकडेही पूर्णच होती हो तुमची किंमत."