ड्रमरची जागा

"पंक सोडून हेवी मेटल? आता केस वाढव आणि तासभर सोलो वाजव, असं चिडवलं होतं तुझ्या बाबाला," डेन्झिलकाका म्हणाले. बाबांच्या जुन्या पंक रॉक बँडचे ते ड्रमर. बाबा मग बँड सोडून एकटेच मेटल वाजवत राहिले. बाबा वारल्यावर त्यांनी रेकॉर्ड केलेलं शेवटचं गाणं मी काकांना ऐकवलं. त्यात ड्रम नव्हते.

"तुम्ही वाजवा ना. गाणं पुरं होईल."

"मला मेटल येत नाही गं पोरी."

गाणं चालूच होतं. गिटार वेगाने चढत गेली आणि अचानक थांबली. फक्त ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक उरली. काका ताठ बसले. "ड्रमरसाठी जागा सोडलीय. साल्या, एक फोन करायचास ना!"

त्यांचे हात वाजवायला मांडीवरून वर आले आणि हवेत तसेच राहिले. जागा सरली. बाबांची गिटार एकटीच पुढे निघाली.