थोरलीचा हात

आतून कडी लागल्याचा आवाज आला आणि कपड्यांचा गठ्ठा घेऊन येणारी पडदेवाली थबकली.

आत तिची मुलगी होती. कपडे बदलायची खोली ती केवढी! दोघं उभी राहिली तर एकमेकांच्या पायावर पाय. आणि तिथे आज सकाळपासून थोरली उभी होती.

थोरली म्हणजे पुतळी. दुकानाच्या दर्शनी काचेमागे नवे कपडे घालून तिघी उभ्या असायच्या, थोरली, मधली आणि धाकटी. नावं पडदेवालीनेच ठेवलेली. त्यांचे कपडे बदलणं हे तिचं काम, पण आधी चादर आडवी बांधल्याशिवाय ती त्यांच्या बटणालासुद्धा हात लावायची नाही. "दोन मिनिटं हं बाई, झालंच," असं वर पुटपुटायची. गर्दी असो, मालक ओरडो, आधी चादर. म्हणून तर तिला सगळे पडदेवाली म्हणायचे. मालकाचा मेहुणा गिऱ्हाइकांदेखत टर उडवायचा, "अहो मावशी, प्लास्टिकला कसली लाज?"

"तिला नसेल. मला आहे ना," ती म्हणायची आणि चादरीची गाठ घट्ट करायची.

काल मेहुण्याने थोरलीला नाकाचा टवका बुजवायला म्हणून नेलं होतं. आज परत आणलं ते थेट या खोलीत, आरशासमोर. "इथे कशाला?" तिने विचारलं. "शोभा येते," तो म्हणाला. कामावर ठेवणारा तोच, काढणाराही तोच. तेव्हा थोरलीचे दोन्ही हात खाली होते, हे तिने नीट पाहिलं होतं.

थोड्या वेळाने ती खुंट्या पुसायला आत गेली, तर उजवा हात कमरेवर आलेला. कुणी वाकवला म्हणावं, तर हात ओतीव, कोपराला सांधाच नाही. ती तशीच मागे सरली. काउंटरवरच्या बाईला तिने सांगितलं, तर ती फिदीफिदी हसली. "आज हात वर केलाय, उद्या पगारवाढ मागेल!" पडदेवालीने मनाची समजूत घातली आणि धीर करून पुन्हा डोकावली. हात छातीशी होता. बोटं पसरलेली, काहीतरी धरायला निघाल्यासारखी. मग मात्र तिने दार ओढून घेतलं. आज कुणालाही आत जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

आणि ती कोठीतून गठ्ठा आणायला गेली, तेवढ्यात मुलगी आली. उद्या पोरीची नोकरीसाठी मुलाखत होती, एक बरा कुडता हवा होता. "जा की आत, घालून बघ," मेहुण्यानेच तिला सांगितलं.

गठ्ठा टाकून पडदेवाली दाराशी धावली. "बाहेर ये! आधी बाहेर ये!"

"आई, थांब ना. अजून कुडत्याची पिशवीसुद्धा उघडली नाही."

"काही बदलू नकोस! ये म्हणते ना!"

मेहुण्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "भरदुपारी भुतं दिसायला लागली का, मावशी? बदलू दे की पोरीला."

आत काहीतरी कडकन मोडलं. मग सगळं शांत. मग मुलीचा आवाज आला, इतका बारीक की तिचा वाटेना. "आई... हिने हात हलवला."

कडी निघाली. मुलगी आईला येऊन बिलगली. अंगावर घरून घालून आलेलेच कपडे, सगळी बटणं जागच्या जागी. पडदेवालीचा जीव भांड्यात पडला. मग तिने मुलीच्या खांद्यावरून आत पाहिलं.

थोरलीचं कोपर आता पार दुमडलं होतं. वाकताना तडकलं होतं, पांढरा भुगा फरशीवर सांडला होता. आणि तळवा तिने स्वतःच्या उजव्या डोळ्यावर गच्च दाबून धरला होता.

पडदेवालीला पळून जावंसं वाटलं. पण इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपसूक शब्द निघाले, "काय गं बाई, काय झालं? बघू."

"हात लावू नका तिला!" मागून मेहुणा किंचाळला. तिने वळून पाहिलं. इतका भेदरलेला माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

ती आत गेली. तिने हात पुढे केला मात्र, थोरलीचा तळवा आपणहून बाजूला झाला. त्याखाली डोळा नव्हता. हरभऱ्याएवढी एक गोल काच होती, आणि काचेच्या आत एक लाल ठिपका लुकलुकत होता.