तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांची फसवणूक

तिसऱ्यांदा पैसे गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्राध्यापक आपल्या मुलीच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत येऊन बसले.

मुलगी बँकेत होती. वयस्कर खातेदारांना फसव्या फोनपासून सावध करण्याचे काम तिच्याकडे होते. बँकेच्या दृष्टीने हा फार किफायतशीर उपाय होता. माणसाला एकदा सावध केले, की पुढच्या लुटीचा दोष चोराकडून अलगद त्याच्याकडे सरकतो.

"तुमच्या संगणकात व्हायरस शिरलाय, असा फोन आला. तो खोटा आहे हे कशावरून ओळखाल?" तिने विचारले.

मग प्राध्यापकांनी हात वर केला आणि हयातभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या शांतपणाने उत्तर दिले. खरी कंपनी आपण होऊन असा फोन करीत नाही. घाई करतो आणि भीती घालतो, तो भामटा. आपला संगणक दूर बसून चालवता येईल असे ॲप घ्यायला लावतो, तोही भामटाच. घरच्यांना सांगू नका म्हणाला, तर शंकेला जागाच उरत नाही. अशा वेळी फोन ठेवावा. आणि पैसे गेलेच, तर लाजत न बसता बँकेला आणि पोलिसांना ताबडतोब कळवावे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एक आजी कौतुकाने म्हणाल्या, खाण तशी माती. मुलीला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले.

घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही.

"सगळं येतं तुम्हाला. मग?"

"येणं वेगळं आणि करणं वेगळं."

"तुमच्या विद्यार्थ्यानं हे उत्तर दिलं असतं तर त्याला नापास केलं असतंत."

"केलं असतं," प्राध्यापक म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

तक्रारीचा अर्ज तिने तिन्ही वेळा भरून आणला होता. तिन्ही वेळा त्यांनी सही करायला नकार दिला होता. कारण विचारले, की ते चष्मा पुसत बसत.

फोन आला की ते आपल्या खोलीत जात आणि दार लावून घेत. बाहेर आल्यावर त्या रात्री जेवत नसत. एकदा दार नीट लागले नव्हते, तेव्हा तिने त्यांचे एक वाक्य ऐकले. ज्याच्या हाती ते आयुष्याची पुंजी देत होते, त्याला ते विचारत होते, "जेवलास का?"

तिला आधी हसू आले आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासत राहिली.

"दिवसभर राबून मी येते," ती नंतर म्हणाली. "मला कधी विचारलं नाहीत. त्या भामट्याची बरी काळजी."

"उपाशी माणूस उपाशीच असतो," प्राध्यापक म्हणाले.

तिला वाटले, रोग कळला. आई जाऊन वर्षे झाली होती. थोरला भाऊ परदेशात कुठल्याशा संगणक कंपनीत नोकरीला गेला होता. त्याच्याकडून अधूनमधून चार शब्द येत, मी ठीक, काम फार आहे. एकटेपणात गोड आवाजही पुरतो, असे डॉक्टरांनीही मान हलवत सांगितले. निदान इतके चोख होते, की ते तपासून पाहण्याचे कुणाला सुचले नाही.

"दादाला कळवते आता," ती म्हणाली. "आयता सुटलाय. निस्तरायला मी आहेच."

"त्याला काही बोलू नकोस."

लेकाच्या अंगाला धूळही लागू द्यायची नाही, हे तिला नवे नव्हते.

पण पुढच्या आठवड्यात ती कामावरून परतली, तेव्हा एक घरांचा दलाल बाहेरच्या खोलीत फीत धरून भिंती मोजत होता. प्राध्यापक त्याच्यासाठी फितीचे दुसरे टोक धरून उभे होते. दलालाला तिने हात जोडून बाहेर काढले.

"घर विकून राहायचं कुठं, बाबा?"

"तुझ्याकडे."

"मी इथंच राहते."

प्राध्यापकांनी मान खाली घातली. हा मुद्दा त्यांच्या लक्षात आला नव्हता असे नाही.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि जे इतरांना शिकवीत होती, ते सारे एकदाचे घरात केले. संगणकातले ते ॲप काढले. सगळे पासवर्ड बदलले. तिच्या सहीशिवाय त्यांच्या खात्यातून पैसे निघणार नाहीत, अशी व्यवस्था केली. त्यांचा फोन तिच्याच नावावर होता, तेव्हा जुना नंबर कायमचा बंद करवून नवा घेतला. परतताना कित्येक महिन्यांनी तिला हलके वाटत होते.

ते भांडतील म्हणून तिने वाक्ये तयार ठेवली होती. त्यांनी फक्त फोन हातात घेऊन उलटापालटा केला.

"जुन्या नंबरवर कुणी फोन केला तर काय ऐकू येतं?"

"हा नंबर अस्तित्वात नाही, असं."

"तो परत सुरू करता येईल?"

"नाही. मीच तसं सांगून आले."

प्राध्यापक पलंगाच्या कडेला बसले.

"आज त्याचा फोन यायचा होता."

"येऊ दे की. वाट बघेल आणि दुसरा बकरा शोधेल."

"बकरा सापडेपर्यंत मारतील त्याला, ज्यांनी फोनवर बसवलंय ते."

"कुणाला?"

"पहिल्या दिवसापासून तुझा दादाच बोलतोय," प्राध्यापक म्हणाले. "मला बाबा म्हणाला नाही, सर म्हणाला. तेव्हाच कळलं, त्याच्या शेजारी कुणीतरी उभं आहे."