ओट्यावरचा दिवा

"रात्रभर मिट्ट काळोख मिळाला तरच या झाडाची पानं नाताळात लाल होतात," पास्कोलने बायकोला, फिलसूला परत समजावलं. "ओट्यावरचा दिवा बंद कर, नाहीतर कुंडी तरी आत घेऊ."

"गेल्या नाताळात रुझारने ठेवलीय, तिथेच राहील. आणि दिवाही. पोरगा आला तर अंधारात ठेचकाळेल."

लेकाची होडी ऑगस्टात उलटली होती. बाकीचे सापडले, रुझार नाही. तो आता येणार नाही, हे पास्कोलने मनाशी कधीच मानलं होतं. बायकोला सांगायची छाती होत नव्हती, म्हणून हे झाडाचं निमित्त.

आज तो चर्चमधून परतला तेव्हा ओट्यावर काळोख होता. फिलसू कुंडीपाशी बसली होती.

"झाड तरी लाल होऊ दे," ती म्हणाली.

पास्कोलने चाचपडत बटण शोधलं आणि दिवा लावला.