पाण्याखालची फरशी

"तुमचा कुणाचाच विश्वास बसायचा नाही," माइक हातात येताच हिलालनं सांगून टाकलं, "पण आप्पांनी बांधलेल्या फरशीवरून मी या पायांनी चालत आलोय!"

सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात, रात्रीच्या सभेच्या मांडवात हशा पिकला. "हिलालबाबा, मगर परत ऊनी का?" मागून कुणीतरी ओरडलं. तापीतली मगर आपल्याशी अहिराणीत बोलते, हे हिलालनं कारखान्यातल्या अख्ख्या पाळीला शपथेवर सांगितलं होतं. एकदा त्याचा लूम इतका सुसाट सुटला होता म्हणे, की सूत भरायच्या आधीच साडी विणून तयार. असा माणूस. तो 'पाऊस पडतोय' म्हणाला, तरी लोक खिडकीतून हात बाहेर काढून बघत.

आज नेमकी तीच पंचाईत झाली होती.

आमदार झुलालआप्पांचा मतदारभेटीचा आठवडा चालू होता. निवडणूक जवळ आलेली. गावाकडचा अर्धा तालुका सुरतेत लूम चालवत असल्यामुळे त्या आठवड्याची सांगता सुरतेतच व्हायची. आप्पांनी भाषणात अगदी छापील मराठीत जाहीर केलं होतं, "नदीवरील फरशीचे काम पूर्ण झालेले आहे. या पावसाळ्यात कुणाचेही येणे-जाणे थांबणार नाही." टाळ्या पडल्या. फरशी म्हणजे ठेंगणा पूल. पावसाळ्यात तो पाण्याखालीच जातो. दिसत काही नाही. पण खाली फरशी आहे, एवढ्या भरवशावर गाववाले वाहत्या पाण्यात बेधडक गाडी घालतात.

टाळ्या वाजवणाऱ्यांत हिलालचा मुलगा चेतनही होता. त्याची बायको नूतन पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. माहेर नदीपल्याड.

"झालं मग!" चेतन म्हणाला. "उद्याच निघू. स्टेशनवरून बैलगाडी करायची, की सरळ फरशीवरून दारात."

हिलाल परवाच गावाहून आला होता. "अरे, कसली फरशी? तिथं डोक्याच्या वर पाणी आहे नुसतं."

"बाबा, आमदार माइकवरून सांगताहेत. आणि तुम्ही कोण? मगरवाले!"

नूतननं एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि पोटावरचा पदर सारखा केला. हिलाल उठला. आभाराचे दोन शब्द बोलतो, म्हणून त्यानं माइक मागून घेतला.

"काय ती फरशी!" तो आता म्हणत होता. "परवा सर्कशीचा हत्ती गेला तिच्यावरून. पल्याड पोचला, अन् पुन्हा माघारी आला. माहूत म्हणाला, काय झालं रे? हत्ती म्हणाला, मजा आली, अजून एकदा!"

मांडव लोटपोट. आप्पांनी हसत हात जोडले. "जनतेचा आशीर्वाद आहे."

"आप्पा, तुमचा ड्रायव्हर नवा दिसतो. सुरतेचाच का?"

"हो, नवाच आहे."

"वाटलंच मला. दुपारी वहिनीसाहेब साड्या घेऊन बाजारातून आल्या. म्हणाल्या, आप्पांची सभा काही लवकर संपायची नाही, मी जीप घेऊन पुढं होते. मीच रस्ता सांगितला. म्हटलं, लांबून वळसा कशाला? घरची फरशी आहे!"

आप्पांचे जोडलेले हात तसेच राहिले.

तेवढ्यात मंचामागच्या रस्त्यावर जीप येऊन थांबली. वहिनीसाहेब साड्यांचा गठ्ठा घेऊन उतरल्या आणि पलीकडच्या गरमागरम लोचो विकणाऱ्या हातगाडीकडे वळल्या. आप्पांची पाठ तिकडे. मांडवातल्या झाडून सगळ्यांनी मात्र पाहिलं. कुणी हूं की चूं केलं नाही. हिलालची थाप रंगात आली की मध्ये तोंड घालायचं नाही, हा पाळीचा नियमच होता. चेतननं तोंड उघडलं, "अहो, जीप तर..." नूतननं त्याला असा चिमटा काढला, की पुढचे शब्द त्यानं गिळले.

"ड्रायव्हर जरा भित्रा," हिलाल सांगत होता. "म्हणाला, चाचा, अंधारात पाणी दिसलं तर? मी म्हटलं, भो, पाणी बघून ब्रेक मारायचा नाही. वर हातभर पाणी असेल, पण खाली आप्पांची फरशी आहे. देवाचं नाव घे, डोळे मिट आणि घाल गाडी!"

"निघाले कधी?" आप्पांचा आवाज बारीक झाला होता.

"दुपारीच की. आता नदीच्या उताराला लागले असतील."

"एसटीडी बूथ... इथं एसटीडी बूथ कुठाय?"

"धावत्या जीपला कुठं फोन लागतो, आप्पा? आणि काळजी कशाची? तुम्ही स्वतः उभं राहून बांधलेली फरशी. वहिनीसाहेब तर म्हणाल्या, ह्यांच्या फरशीवरून पहिली जीप माझीच जाऊ दे!"

आप्पांनी झेप घालून माइक हिसकावला. छापील मराठी कुठच्या कुठं गेली. पर्वत पाटियाच्या चारी रस्त्यांवर कर्ण्यांतून त्यांचा आवाज फुटला.

"खोटं बोलस हाऊ म्हातारा! रोका रे ती जीप! तठे फरशी नही शे! कधी बांधेलच नही!"