म्हशीचा फोन

टेलिफोन एक्स्चेंज बंद झालं तेव्हा तिथल्या साहेबानं जुने काळे फोन किलोवर विकून टाकले. पेठ वडगावच्या दिलदार भंगारवाल्यानं ते दुरुस्त केले आणि घरातून गोठ्यात बोलायला लोकांना जोडून दिले. जोतीरामची बायको घरातून फोन लावायची, गोठ्यात घंटी वाजायची आणि म्हशीपुढं पेंड पडायची.

पाडव्याला गाडीमागं म्हशी पळवायची शर्यत लागली. बाकीचे सायलेन्सर काढलेल्या गाड्या फडफडवत आपापल्या म्हशीपुढं सुटले. जोतीरामनं मात्र दिलदारकडून घंटीला बॅटरी लावून घेतली आणि फोनच गाडीला बांधला. घंटी वाजली, आणि म्हैस शेपूट वर करून जी उधळली, ती सगळ्यांच्या पुढं!

दुसऱ्या दिवशी दिलदारच्या दुकानापुढं ही गर्दी.

"आवाज नीट येतोय का बघून घ्या की," तो म्हणाला.

"बोलायचंय कुणाला? घंटी वाजवून दाव!"

गर्दीत एक्स्चेंजचा तो साहेबही दिसला. दिलदारनं हातातला फोन पाठीमागं लपवला.

"सायब, फोन परत न्यायला आलासा व्हय?"

साहेब त्याच्या कानाशी आला. "एकच दे बाबा, मागशील तो भाव. काल दुसरी आलेली म्हैस माझी हाय."