थुंकीतलं गाव

सुनेला आता थुंकी हवी होती. तीही सासूची, आणि तीही बाटलीत.

"शी!" सासूबाईंनी हातातली शेंग परातीत आपटली. "घरात अन्न शिजतंय आणि ही माझ्या तोंडापुढे बाटली धरते. माहेरी हेच शिकवलं का गं?"

"आई, तुमचे आजोबा बोटीतून इकडे आले, पण कुठल्या गावाहून, ते कुणालाच ठाऊक नाही. थुंकी तपासली की तिकडचे नातलग सापडतात. यांनी नाही का दिली?"

मुलाने दिली होती खरी. गाल आत ओढून ओढून बाटली भरत बसला होता मेला. तो फेस बघून सासूबाईंना दुपारी घास गिळवला नव्हता.

"माझे आजोबा ताठ मानेनं बोटीतून उतरले," त्या म्हणाल्या. "त्यांना लाळेत शोधायचं नाही. विषय संपला."

सून गप्प बसली. ती गप्प बसली की काहीतरी शिजत असतं, पण जिंकल्याच्या तोऱ्यात सासूबाईंना तेवढं सुचलं नाही.

महिन्याभराने मुलगा कामावरून आला तो पडलेला चेहरा घेऊन. सासरे खुर्चीत पेपर वाचत होते. सून दारातच अडखळली.

"आई, तुम्ही दोघांनी मला कुठून आणलंत?" मुलाने विचारलं.

"कुठून म्हणजे?"

"तपासणीवाल्या बाईंचा फोन आला होता. तुझं माझं रक्ताचं काही नातंच नाही म्हणे. मी तुझा नाही, आई." एवढा बाप्या माणूस, पण ओठ पोरासारखे थरथरत होते.

सासऱ्यांनी पेपर खाली घेतला.

"काहीतरीच! कळा सोसून काढलंय तुला. आणि मी थुंकले कधी?"

सुनेने मान खाली घातली. "तुमच्या न्हाणीघरातला ब्रश पाठवला मी. एकच होता. बाबांना कवळी आहे, म्हणजे तो तुमचाच."

"ब्रश? शी शी शी!" सासूबाईंच्या अंगावर शहारा आला. पण सुनेची चूक इतकी आयती कधी हाती लागली नव्हती. त्यांनी लेकाला जवळ ओढलं, पदराने त्याचे डोळे पुसले आणि सुनेवर बोट रोखून खणखणीत आवाजात सुनावलं, "अक्कलशून्य आहेस अगदी! मी जन्मात ब्रश तोंडात घातला नाही, मंजन बोटानं लावते. त्या ब्रशानं तुझे सासरे कवळी घासतात!"